माग उठले, पंगत बसली

नागपूरहून परत आलो तेव्हा आमच्या गल्लीत जो भेटला त्याने एकच विचारलं, "संत्री आणलीत का?" आणली होती. करंडीभर आणली आणि दोन दिवसांत वाटून संपवली. मग वाचनालयातले गुरुजी म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही कधी आठ दिवस इचलकरंजीच्या बाहेर राहिला नव्हता. काय पाहिलं, काय खाल्लं, लिहून काढा. आमच्यातलं कोण जाणार आहे तिकडे?" म्हणून लिहितो आहे. खाण्याबद्दल पुष्कळ लिहिता येईल. पण मजेशीर लिहा असं ज्यांनी आधीच बजावलं आहे, त्यांची मी माफी मागतो.

मी यंत्रमागाचा मिस्त्री. अठरा वर्षं एकाच कारखान्यातले माग सांभाळले. सत्तरचं दशक संपत आलं आहे. यंदा मालकांनी नवे माग घ्यायचं ठरवलं, आणि जुन्यांपैकी दोन नागपूरच्या एका कोष्टी कुटुंबाने मागवून घेतले. माग ट्रकने पुढे गेले. ते बसवून, चालते करून द्यायला मी डिसेंबरात कोल्हापूरहून गाडीत बसलो. एक दिवस आणि एक रात्र सगळं अंग खिळखिळं झालं, एवढंच प्रवासाबद्दल सांगतो.

रविवार

स्टेशनवर मला घ्यायला प्रभाकर आला होता. माग त्याच्याच नावाने मागवलेले. तिशीचा, अंगात लोकरीचा स्वेटर, बोलायला गोड. थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती. मी मागांची चौकशी केली तर म्हणाला, "आहेत ना जी, ट्रान्सपोर्टच्या आवारात आहेत. पहिले पोहे खाऊन घ्या."

नागपुरात पोहे म्हणजे नुसते पोहे नव्हेत. त्यावर हरभऱ्याचा लाल रस्सा ओततात, त्याला तर्री म्हणतात. गाडीवाल्याने विचारलं, "किती मारू?" मी म्हणालो, "आम्ही कोल्हापूरकडचे, मारा भरपूर." पहिले दोन घास काहीच झालं नाही. मी प्रभाकरकडे ऐटीत पाहिलं. तिसऱ्या घासाला उचकी लागली ती गांधीबाग येईपर्यंत थांबली नाही. प्रभाकर हसून म्हणाला, "तुमच्याकडचं तिखट तोंडातच भेटते. आमचं मांगून येते."

पोह्यांच्या गाडीभोवती गिरणीचे कामगार उभे होते. सगळे पन्नाशीच्या पुढचे. भोंगा झाला तसे हातातले द्रोण टाकून घाईने गेले. प्रभाकर म्हणाला, "पहिले तीन पाळ्या चालत होत्या. आता एकच चालून राहिली. याचे पोहे मात्र तिन्ही पाळ्यांत चालतात."

घर गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत. पुढच्या खोलीत सहा टेबलं, भिंतीवर आरसा, दारावर पाटी: 'सावजी भोजनालय'. आपल्याकडे हा शब्द कुणाला ठाऊक नाही म्हणून सांगतो. हे कोष्ट्यांच्या घरचं जेवण. पिढ्यान्‌पिढ्या विणकरांच्या चुलीवर झालं आणि विणकरांनीच खाल्लं. आता साऱ्या नागपूरला त्याचं वेड लागलं आहे.

पुढच्या खोलीतून आत गेलं की लांबट दालन. जमिनीत चार खड्डे, मागावर बसून पाय सोडायचे. तीन खड्ड्यांवर फळ्या टाकून कांद्याची पोती रचली होती. चौथ्यात एक म्हातारा गृहस्थ कमरेपर्यंत उतरून बसला होता आणि विणत होता. माझ्या कानांना आठवण आहे तेव्हापासून यंत्रमागाचा खडखडाट आहे. या मागाचा आवाज कुणीतरी सावकाश पायऱ्या उतरावा तसा होता.

प्रभाकर म्हणाला, "बाबा, हे इचलकरंजीचे मिस्त्री."

नागोरावांनी आडवं सूत नेणारा धोटा पलीकडे जाऊ दिला, फणी ठोकली आणि मगच वर पाहिलं. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. "बसा जी. माणूस उभा असला का उजेड अडते."

मागावर नऊवारी लुगडं होतं. वांगी रंगाचं, रेशमी काठाचं. मी आयुष्यात लाखो वार कापड पाहिलं, पण इतक्या जवळून, इतका वेळ कुठल्याच कापडाकडे पाहिलं नव्हतं.

दुपारी पंगतीला बसलो. यमुनाबाईंनी, म्हणजे नागोरावांच्या बायकोने, स्वतः वाढलं. मटणाचा रस्सा तांबडा नव्हे, काळा. वर जवसाच्या तेलाचा बोटभर थर. खसखस, सुंठ, दगडफूल आणि आणखी काय काय भाजून वाटलेलं. ज्वारीची भाकरी. आपला तांबडा रस्सा आपल्याला अंगणात भेटायला येतो. हा मागच्या दाराने येऊन घरात बसतो, मग उठत नाही. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी चौथ्यांदा रस्सा मागत होतो. खरंच सांगतो, असं मटण मी पूर्वी खाल्लं नव्हतं.

हात धुतल्यावर प्रभाकरने मला बाजूला घेतलं. "मिस्त्रीजी, थोडी गडबड झाली. तुमचे माग मांगवले तेव्हा उन्हाळा होता. आता हिवाळा आहे. तवा माग पाहिजे होते, आता टेबलं पाहिजे. बुधवारी फरशी येऊन राहिली, शुक्रवारी गवंडी. पुढच्या सोमवारपासून विधानसभेचं अधिवेशन. मुंबईचे, पुण्याचे लोक आमच्याकडं जेवाले येतात, रांग लागते. मागासाठी जागा कुठून आणू?"

माझं डोकं फिरलं. शेकडो मैल माग आणवले आणि आता नको? पण मी नोकर माणूस. मालक गावाला गेलेले, बुधवारपर्यंत फोनवर भेटणार नव्हते. तोवर प्रभाकरच्याच माळ्यावर अंथरूण टाकावं लागलं.

सोमवार

सकाळी यमुनाबाईंनी भाजीवाल्याकडून सांबार आणायला सांगितला. मी भांडं घेऊन निघालो. भाजीवाल्याने भांड्यात कोथिंबिरीची जुडी ठेवली. नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. यमुनाबाई इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला. त्या आठ दिवसांत त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

त्यांचं स्वयंपाकघर म्हणजे एक पत्र्याची शेड. कोपऱ्यात भिवापुरी मिरचीचं पोतं. पहाटेपासून मिरच्या भाजायच्या, मसाला वाटायचा. त्यांचे हात कोपरापर्यंत लालसर, फुगलेले. मी म्हणालो, "हाताला काही लावत नाही का?" त्या म्हणाल्या, "काय लावता जी? लावलं का सकाळी पुन्हा तेच."

दालनातून नागोरावांची हाक आली, "यमुना वं, कांडी!"

त्यांनी ऐकलं नाही. त्या मोठ्या पातेल्यात पळा फिरवत होत्या आणि शेडमध्ये स्टो भणभणत होता. मी दालनात गेलो. धोट्यातल्या कांडीवरचं सूत संपलं होतं. नागोराव फणीवर हात ठेवून नुसते बसले होते. म्हणाले, "पहिले मी हाक मारायच्या आधी तिची कांडी तयार राहे. आता तिले चाळीस लोकांचा रस्सा राहते." तक्रारीचा सूर नव्हता.

मी कोपऱ्यातला चरखा पुढे ओढला आणि कांड्या भरायला बसलो. पहिल्या दोन ढिल्या झाल्या. नागोरावांनी त्या हातात फिरवून परत दिल्या. तिसरी घेतली. दुपारपर्यंत आम्ही दोघं तेच करत होतो, मी भरत होतो आणि ते विणत होते. त्यांचे पाय पावड्यांवर, नजर काठावर. इतकी वर्षं कापड माणूस विणतो हेच मी विसरलो होतो. कारखान्यात मी फक्त यंत्र चालवतो.

मध्येच त्यांनी विचारलं, "तुमचं यंत्र एका दिवसात किती काढते?"

मी खरा आकडा सांगितला नाही. बराच कमी सांगितला.

त्यांनी दोन धोटे टाकले आणि म्हणाले, "एवढं कमी असतं तर आमी अजून जिवंत असतो."

मी पुढची कांडी भरायला घेतली. संध्याकाळी मी मोजून पाहिलं, लुगड्याचे साडेचार हात व्हायचे होते. नागोरावांच्या हिशेबाने शनिवारपर्यंत पुरं झालं असतं. प्रभाकरने शुक्रवार सांगितला होता. "एका दिवसाचं तर आहे," नागोराव म्हणाले, "त्याले म्हणीन मी."

मंगळवार

जेवणं झाल्यावर नागोरावांनी ट्रंकेतून एक तयार लुगडं काढलं. दिवाळीत विणलेलं, कुणी न नेलेलं. "इतवारीत एक पेढी आहे. माह्या बापापासून तिथी माल जाते. चालता का संगं?"

इतवारी म्हणजे गल्लीतून गल्ली आणि प्रत्येक गल्लीत एका वस्तूचा बाजार. कापडाच्या गल्लीत आलो तर दुकानंच्या दुकानं टेरीकॉटची आणि नायलॉनची. त्यातला काही माल आमच्या गावचा असणार, मी गाठींवरच्या खुणा वाचायचं टाळलं.

पेढीवरचा व्यापारी पन्नाशीचा. नागोरावांना पाहून तो उठून उभा राहिला. पांढऱ्या गादीवर बसवलं, चहा मागवला. लुगडं उलगडून काठावरून दोनदा बोट फिरवलं. म्हणाला, "नागोरावजी, असा काठ आता कोणाच्या हातून निघते? माह्या दुकानात याच्यावरचं कापड नाही." मग त्याने त्याची घडी घातली. मूळ घडीवर घडी बसवून, अगदी जपून. आणि ती नागोरावांच्या मांडीवर ठेवली.

"पण नेसणाऱ्या बाया कुठी आहेत जी? माही माय होती, गेली. आता नऊवारी कोणी मागाले आलं का समजा घरी म्हातारी मेली. अंगावर टाकाले नेतात. ते बी हलकं दाखवा म्हणतात. महागाचं कोण जाळणार?"

चहा पिऊन आम्ही उठलो. व्यापारी दुकानाच्या पायरीपर्यंत पोचवायला आला.

परत येताना मी एका म्हातारीकडून संत्री घेतली, एक सोलून नागोरावांना दिलं. त्यांनी हातात घेतलं, खाल्लं नाही. गोळीबार चौक जवळ आल्यावर म्हणाले, "त्यानं अपमान केला असता तर बरं झालं असतं. तोंडावर बोललो असतो. इतकं चांगलं बोलला का बोलाले जागाच ठेवली नाई."

बुधवार

प्रभाकरने मला स्कूटरवर बसवून सदरला नेलं. त्याला मला काहीतरी दाखवायचं होतं. एका नव्या हॉटेलसमोर स्कूटर थांबवली. काचेचं दार, गुळगुळीत टेबलं, कुटुंबासाठी पडदे लावलेल्या वेगळ्या खोल्या. बाहेर मोटारी. आत सावजी मटण मिळतं, पण शिजवणारा सावजी म्हणजे कोष्टी नाही आणि खाणारेही आमच्यासारखे नाहीत, हे प्रभाकरनेच सांगितलं.

"पाहा. आमच्या मायचा मसाला शिकून गेलेला माणूस आहे तो. आमी गल्लीत सहा टेबलं लावून बसलो. दोन वर्षांत असे दहा होतील. आता वाढलो नाई तर जे मागाचं झालं तेच भोजनालयाचं होईन."

"पण बापाचा एक माग राहू दिला असतास तर?"

तो स्कूटरचा आरसा पुसत राहिला. "मी बी विणत होतो जी. वीस वर्षांचा होईस्तोवर. मले पोरगी पाहाले गेले तर पोरगा काय करते? मागावर बसते. एवढं ऐकलं का पोरीचा बाप चहा पिऊन उठे. चार ठिकाणी उठले. मंग मी उठलो." मोटारींकडे बोट करून म्हणाला, "शहर वाढून राहिलं मिस्त्रीजी. सरकारी ऑफिसं, कॉलन्या, ठेकेदार. सगळ्याइले जेवाले पाहिजे. लुगडं कोणाले पाहिजे?"

त्याला नावं ठेवायची मी मनाशी तयारी करून आलो होतो. ती तिथेच, त्या मोटारींच्या रांगेत संपली.

तिथल्याच पोस्टातून मालकांना ट्रंककॉल लावला. दीड तासाने लागला. मी सगळं सांगितलं. मालक म्हणाले, "परत आणायला भाडं कोण भरतंय? तिथंच मोडून टाका."

"चालते माग आहेत, मालक."

"मिस्त्री, इथं नवे उभे राहिले. जुन्यांना जागा कुठाय?"

प्रभाकरने वापरलेलाच शब्द. जागा.

संध्याकाळी भंगारवाला ट्रान्सपोर्टच्या आवारात घण घेऊन आला. अठरा वर्षं मी त्या दोन मागांना तेल घातलं, त्यांचे खिळे माझ्या बोटांनी आवळलेले. माझी थोरली मुलगी जन्मली तेव्हा मी त्यांतल्याच एकाखाली पाठीवर झोपून दुरुस्ती करत होतो. बिडाचं ओतीव लोखंड ठोकलं की वाकत नाही, एकदम तुटतं. चौथ्या घावाला पहिल्याची चौकट उडाली. मी म्हणालो, "जरा थांबा," आणि माझ्या पान्ह्याने दुसऱ्याचे नट स्वतः सोडवले. भंगारवाला म्हणाला, "काहून मेहनत करता? वजन तेच भरते." मी तरीही सगळे सोडवले.

घरी येऊन नागोरावांना सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना कुठेतरी बरं वाटेल. त्यांनी विणणं थांबवलं. म्हणाले, "चालते होते?"

"चालते होते."

"मंग पाप झालं," ते म्हणाले आणि त्या संध्याकाळी त्यांनी पुन्हा धोटा टाकला नाही.

गुरुवार

सकाळी नऊ वाजता गवंडी आला. एक दिवस आधी. त्याच्याबरोबर दोन मजूर, मुरमाच्या टोपल्या, जमीन चोपायचा दुरमुस. शहाबादी फरशा आदल्या दिवशीच गल्लीत टेकून ठेवल्या होत्या. उद्या त्याला दुसरीकडे काम लागलं होतं. आज नाही तर आठवडाभर नाही, असं त्याने प्रभाकरला सांगितलं.

लुगड्याचे तीन हात राहिले होते.

नागोराव खड्ड्यातच बसून म्हणाले, "शनिवारी करू ना बापा. दोन दिवस."

"बाबा, सोमवारी अधिवेशन आहे. फरशी बसली पाहिजे, टेबलं आली पाहिजे."

मला राहवलं नाही. म्हणालो, "प्रभाकर, दोन दिवसांनी काय होतंय?"

तो माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही. "मिस्त्रीजी, तुमच्या यंत्रानं आमाले दोन दिवस देले होते का?"

मी मागे सरलो. खाली मान घालून कांड्यांची टोपली नीट लावत राहिलो.

मजुरांनी कांद्याची पोती हलवली, फळ्या काढल्या, आधीचे तीन खड्डे भरायला घेतले. धूळ उडून लुगड्यावर बसू लागली. नागोरावांनी धोतराच्या सोग्याने ती झटकली. पुन्हा बसली. मग ते म्हणाले, "कैची द्या कोणी."

यमुनाबाईंनी आणली. कोथिंबीर कापायचीच कैची होती ती.

"मी कापतो बाबा," प्रभाकर म्हणाला.

"हात लावू नको."

त्यांनी एका कडेपासून ताणा, म्हणजे उभं सूत, कापत नेला. ताणलेलं सूत सुटतं तेव्हा आवाज होत नाही. नुसतं मऊ पडतं, झोप लागल्यासारखं. मागाची सारी उभारी तिथल्या तिथे गेली. कापड गुंडाळून त्यांनी वर ठेवलं आणि हात पुढे केला. मी त्यांना खड्ड्यातून वर ओढलं. पाय आखडले होते, बराच वेळ त्यांना उभं राहता येईना. पाठीमागे मजुरांनी मागाची चौकट बाजूला केली आणि मुरमाची पहिली टोपली पडली. वीस टोपल्यांत खड्डा भरला. खड्डा इतका लहान असेल असं मला वाटलं नव्हतं.

प्रभाकरने ते अपुरं लुगडं उचललं, हातावर तोललं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. बापाची वस्तू घरात राहावी, एवढंच असावं. म्हणाला, "बाबा, या दालनाच्या दाराचे पडदे चांगले होतील याचे."

नागोराव म्हणाले, "कर."

"नाई," यमुनाबाई म्हणाल्या.

सगळे वळले. त्या कधी मध्ये बोलत नसाव्यात, कारण गवंडीसुद्धा थांबला.

"याच्या कांड्या मी भरल्या. अर्ध्यापर्यंत मीच भरल्या. लोक रश्शाचे हात पुसतील याले." त्यांनी ते मुलाच्या हातातून घेतलं, छातीशी धरलं आणि ट्रंकेकडे गेल्या. मसाल्याचे डाग त्याला लागू नयेत म्हणून बोटं दूर धरून, नुसत्या मनगटांत पकडून नेलं.

शुक्रवार

नागोराव माळ्यावर भिंतीकडे तोंड करून पडून होते. मी वर-खाली करत राहिलो. शेवटी सीताबर्डीवर गेलो, तिथली संत्रा बर्फी प्रसिद्ध म्हणून घरच्यांसाठी बांधून घेतली. एक पुडा यमुनाबाईंना आणला.

त्यांनी एक वडी घेतली, डोळे मिटून खाल्ली. "गोड चालते मले," म्हणाल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या दिवसांत त्यांच्या ताटात मी वरणभाताशिवाय काही पाहिलं नव्हतं. विचारलं.

"पोटात जखम आहे जी. चार वरसं झाले. डॉक्टर म्हणते, तिखट बंद. रस्सा मी चाखत नाई. वासावर करतो, अंदाजानं." तिकडे बायकाही 'मी करतो' असंच म्हणतात. "लोक म्हणतात, यमुनाबाईच्या हाताले चव आहे. असन बापा. मले काय माहीत?"

मग त्यांनी कांदे पुढे ओढले. वर माळ्याकडे पाहून म्हणाल्या, "सकाळपासून जेवले नाई. तुमी म्हणून पाहा."

मी म्हणून पाहिलं. नागोराव म्हणाले, "भूक माग चालवला का लागे."

शनिवार

माझी गाडी संध्याकाळची होती. दालन ओळखू येत नव्हतं. फरशी धुतलेली, अकरा नवी टेबलं, भिंतीवर देवाची तसबीर आणि नवा दिवा. अधिवेशनासाठी आलेली माणसं आधीच शहरात भरू लागली होती. बारा वाजल्यापासून गर्दी. सफारीतले, खादीतले, ब्रीफकेसवाले. हास्याचे फवारे, ताटांचा आवाज, आणि सगळीकडून एकच मागणी: रस्सा. एक मुंबईचे गृहस्थ कपाळ पुसत म्हणाले, "नागपूरला यायचं ते यासाठी!" आजूबाजूचे हसले. प्रभाकर या टेबलावरून त्या टेबलावर पळत होता आणि खूश होता. त्याने खूश का नसावं?

मी भिंतीशी बसून जेवत होतो. रस्सा तसाच होता, काळा आणि उत्तम.

नागोराव माळ्यावरून खाली उतरले. अंघोळ केलेली, धुतलेलं धोतर, चष्मा लावलेला. रोज विणायला बसायचे तसेच. गर्दीतून वाट काढत ते दालनाच्या टोकाला, उजेडाच्या खिडकीखाली गेले आणि थांबले. तिथे आता चार जणांचं टेबल होतं. ते त्या फरशीकडे पाहत उभे राहिले. कुणाच्या वाटेत यायला नको म्हणून हात अंगाशी घेतलेले.

टेबलावरचा एक जण घामाघूम झाला होता. तोंडाने वारा घेत त्याने वर पाहिलं आणि आपल्याशेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला म्हणाला, "बाबा, पाणी आणा. लवकर."

मी अर्धवट उठलो. प्रभाकर लांब होता, त्याला ऐकू गेलं नाही.

नागोरावांनी त्या माणसाकडे पाहिलं. मग माठाकडे गेले, पेला विसळला, भरला, आणि एका हाताने धरून, दुसरा हात त्याखाली लावून, न सांडता घेऊन आले. त्याने तो एका दमात संपवला आणि पुन्हा ताटाकडे वळला. नागोराव तिथेच उभे राहिले, रिकामा पेला परत घ्यायला.